मोनालीचं तोंड उघडत नव्हतं

पंधरा वर्षांच्या पोरीचं तोंड दीड बोटच उघडलं, तर तुमच्या मनात पहिला शब्द कोणता येईल? लाजू नका. नागपूरकर असाल तर खर्राच येईल. माझ्या मनात तोच आला, आणि मी तो भर वर्गात बोललो.

तंबाखू-सुपारीचा हा खर्रा खाऊन आमच्याकडे माणसांची तोंडं आखडतात. मी अकरा वर्षं त्याच्याशी भांडतोय. डिग्री नाही माझ्याकडे, पण मला पाहून पानठेलेवाले गप होतात. शाळेत गेलो की पोरांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला लावतो. गेली तर ठीक. नंदनवनच्या एका शाळेत दहावीतल्या मोनालीची दोनही गेली नाहीत. शिवाय तोंड उघडताना जबडा डावीकडे वळला.

"काहून वं, कधीपासून खाऊन राहिली?"

"मी नाही खात, सर."

"मग तोंडाले कुलूप कोणी लावलं?"

वर्ग हसला. मीही हसलो.

दोन महिन्यांनी तिच्या आईनं, सुमतीबाईनं, मला रस्त्यात गाठलं. प्रताप नगरच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते ती.

"भाऊ, पोरीचा खर्रा सोडवाचं औषध द्या. दप्तर झाडलं, उशी उसवली, पुडीच भेटत नाही. कुठं लपवते कोण जाणे!"

"जेवते नीट?"

"घंटाभर चिवडत राहते. भिंतीकडे तोंड करून."

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. खर्रा खाणाऱ्याची पुडी दोन महिने सापडत नाही, असं होत नाही. त्यांच्या घरी गेलो. मोनाली वरणात पोळी कुस्करत होती, एकटीच. वर्गात तिचं नाव 'पिचकारी' पडलं होतं. जिवाभावाची मैत्रीण कामिनीसुद्धा डबा घेऊन दुसऱ्या बाकावर गेली होती.

"आधी कानापाशी कट-कट वाजे," ती म्हणाली. "मग एका सकाळी जांभई देताना अडकलंच. दुखते. पण सांगू कोणाले? तोंड उघडलं की सगळे आत वाकून पाहतात."

दुसऱ्याच दिवशी मायलेकींना दातांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी गाल आतून चाचपले, कानापुढं बोट दाबलं, दात मिटायला लावले.

"गाल मऊ आहेत. खर्ऱ्याचं काही नाही. जबड्याच्या सांध्यातली चकती सरकलीये. वरखालचे दातही एकमेकांवर नीट बसत नाहीत. हे खर्ऱ्यानं झालं असं कोणी सांगितलं हिला?"

मी तिथंच उभा होतो.

"सगळ्यांनी," मोनाली म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुमतीबाईनं पदर तोंडाला लावला.

त्याच वर्गात जाऊन मी चूक कबूल केली. बाहेर पडलो, तर मागून कोणीतरी थुंकल्याचा आवाज काढला, आणि मग हशा.

आता ती दातांवर प्लेट लावते, शेक घेते, व्यायाम करते. तोंड अडीच बोटं उघडतं. पण डबा अजून एकटीच खाते. माझ्यामुळं पडलेलं नाव मी एकट्यानं बोंबलून पुसलं जात नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमची पोरगी त्या शाळेत असेल, तर या रविवारी मोनालीला जेवायला बोलवा. भात जरा मऊ शिजवा. आणि ती जेवत असताना तिच्या तोंडाकडे पाहू नका.