प्रोसेसरला दिलेला लोड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी हजरतगंजमधून सुटे भाग आणून लखनौच्या घरी संगणक जोडला. तो सारखा बंद पडे. रेल्वेत इंजिनिअर असलेले बाबा म्हणाले, "इंजिन आम्ही लोड देऊन तपासतो. याला कसा देणार?"

मी काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप केली. प्रोसेसर अखंड आकडेमोड करू लागला आणि थोड्याच वेळात संगणक बंद पडला. झाकण उघडलं, तर प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा एका वायरीत अडकलेला. बाबांनी वायर दोऱ्याने बाजूला बांधली. मी तीच कमांड पुन्हा दिली. जूनची ती सगळी दुपार संगणक चालत राहिला.

आईने विचारलं, "अच्छा, मग उत्तर काय आलं?"

"उत्तर कुणाला हवंय? दम बघायचा होता," बाबा खुशीत म्हणाले आणि खरबूज कापायला बसले.