बसराई गेली

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. डिग्री घेऊन वालीवच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळायला लागले, तेव्हा बाबांनी विचारलं, "म्हणजे दिवसभर करतेस काय?"

बाबांचा जन्म केळीच्या वाडीत गेला. त्यांना कळेल असं सांगायचं म्हणून मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरना केळ्यांची नावं देऊन टाकली. सगळ्यांच्या फायली जिथे राहतात तो सर्व्हर राजेळी. शेठच्या केबिनमधला छोटा, लाडका, तो वेलची. डिस्पॅचमधला बुटक्या टेबलावरचा, पण सगळी बिलं काढणारा, तो बसराई. बाबांना हे पटलं. "बसराई बुटकीच, पण घड बघ केवढा धरते," म्हणाले.

खरं तर प्रत्येक कॉम्प्युटरला ठिपक्याठिपक्यांचा एक आकडा असतो, तो त्याचा आयपी पत्ता. आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नाव ठेवायचं आणि कुठलं नाव कुठल्या आकड्याचं हे नेटवर्कला सांगून ठेवायचं. याला डीएनएस म्हणतात. अकाउंट्सच्या मॅडमना मी पिंग करायलाही शिकवलं होतं. वाडीत या टोकाहून हाक मारायची आणि त्या टोकाहून 'ओ' आला की माणूस आहे, तसंच हे.

मग नवे मॅनेजर आले. म्हणाले, "ही काय भाजी मंडई आहे का? उद्या कस्टमर बघायला आला तर काय सांगायचं?" सगळ्यांना नंबर पडले. मी निमूट बदलले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी बाबांना सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात मी रजा घेऊन वाडीत बाबांना घड उतरवायला मदत करत होते, तेव्हा फोन आला. मॅनेजरच. गेटवर ट्रक भरून उभा, बिल निघेना, संध्याकाळपर्यंत माल पोचला नाही तर ऑर्डर हातची जाणार.

"झीरो सेव्हन डाऊन आहे," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे काहीच येईना. "सर, तो कुठे बसवलाय?"

"ते मला काय माहीत. स्टिकरवर लिहिलंय."

मागून मॅडमचा आवाज आला. "द्या इकडे." मग माझ्या कानात, "अगं, बसराई गेली. बाकीच्या सगळ्या ओ देतायत."

लगेच दिसलं मला. ते बुटकं टेबल, खालून जाणारी निळी वायर, आणि तिथे रोज फिरणारा झाडू.

"मॅडम, भिंतीवरच्या स्विचवर बघा, सगळ्या वायरी जातात त्या डब्यावर. निळ्या वायरीपाशी दिवा लागतोय?"

"नाही गं."

"टेबलाखाली बघा. वायर सैल असेल. टक आवाज येईपर्यंत आत घाला."

थोडी खुडबुड ऐकू आली. बाबा कोयता खाली ठेवून माझ्याकडे बघत उभे.

"टक झालं. लागला दिवा." मग पिंग मारून, "आली, आली. ओ दिला." पलीकडे प्रिंटर करकरायला लागला. फोन ठेवता ठेवता मॅडम मॅनेजरना म्हणाल्या ते मला ऐकू आलं, "साहेब, सातवा नंबर फोनवर दिसत नाही. बसराई दिसते."

ट्रक वेळेत निघाला.

"काय झालं बसराईला?" बाबांनी विचारलं.

"मुळाशी सैल झाली होती."

"माती लावली का?"

"लावली."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले. "स्टिकरवर नंबर राहू दे. खाली ते तुमचं केळंही लिहा." जरा थांबून म्हणाले, "आणि माझा लॅपटॉप राहिलाय."

त्यांचा लॅपटॉप जुना, सुरू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घेणारा. मी बाबांना फोन लावून विचारलं.

"तांबडी ठेव," बाबा म्हणाले. "उशिरा येते, पण येते."

मॅनेजरना मी फक्त नाव सांगितलं.