सासऱ्यांची छत्री आणि मेलेला सरदार

माझ्या सासऱ्यांइतका बसल्या जागी बसून न राहणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. समोर कुणाला त्रास होताना दिसला की ते उठलेच. मारेगावच्या एका लग्नात त्यांनी चालती वरात थांबवली. कारण काय, तर सनईवाल्याचा घसा सुकला होता! नवरदेव घोड्यावर ताटकळला आणि हे सनईवाल्याला विचारतायत, "लेका, पाणी पेलास का तू?"

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बाभुळगावच्या मैदानात जुन्या लढाईचा देखावा होता. आम्ही सगळे गेलो. मी, बायको, मुलगी चिनू आणि सासरे. तलवारी खणखणल्या, धूर झाला आणि शत्रूचा सरदार पहिल्याच झटक्याला पडला. लढाई पुढं रंगली, पण सासऱ्यांची नजर त्या मेलेल्यावरच.

"बाबा, नाटक आहे ते," बायको म्हणाली.

"मेला म्हून काय झालं? ऊन तर लागते ना त्याले!"

आणि मैदानाच्या कडेचा आडवा बांबू ओलांडून, छत्री उघडून गडी थेट रणांगणात! दोन्ही सैन्यं थबकली. प्रेताने डोळे मिटूनच सांगितलं, "थोडी तिरपी धरा न बाप्पा, तोंडावर ऊन येऊन राह्यलं." मग सरदार उठून बसला, सासऱ्यांनी पुढं केलेलं पाणी घटाघटा प्याला आणि पुन्हा मेला. माइकवरून आवाज आला, "छत्रीवाले आजोबा, युद्ध संपेपर्यंत बाहेर थांबा!" शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. बायकोने पदर तोंडावर ओढला. मी बुटाची लेस बांधत बसलो. बूट बिनलेसचे होते.

घरी पोचण्याआधीच व्हिडिओ गावभर फिरला होता. चिनू रडायला लागली, "आबाजी, आता कॉलेजात कसं तोंड दाखवू मी?"

ते दारातच थांबले. "लय लाज आणली काय वं मी तुले?"

नाही म्हणायला आमच्यापैकी कुणाचंच तोंड उघडलं नाही.

त्यानंतर कुठं निघालो की ते म्हणायचे, "जा तुम्ही. मी घर राखतो." शेवटी एकदा चिनूनेच त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

"अन् उठलो मधातच, तर?"

"तर मी पण उठीन."

आता ते येतात. पण उठण्याआधी आमच्या तोंडाकडे पाहतात. चिनू लगेच मान हलवते. तरी तिची मान हलेपर्यंत ते पाहत राहतात, आणि मला खाली बघावं लागतं.