नवऱ्याच्या गाडीचं झिजलेलं इंजिन

मैत्रिणींनो, आज मी चक्क एका इंजिनवर जळतेय.

नवऱ्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन पार झिजलंय. सकाळी शॉमबर्गमधला मेकॅनिक म्हणाला, रीबिल्ड करत बसण्यापेक्षा नवीनच बसवा.

नवऱ्याने गाडीच्या हूडवरून हात फिरवला. "नको यार, तिचा आवाज बदलेल. कितीही वेळ लागू दे, रीबिल्डच करू."

तिचा! दसऱ्याला झेंडूचा हारसुद्धा तिलाच. ओवणारी मी.

माझ्या गाडीतून घरी येताना त्याने अचानक रेडिओ बंद केला आणि कान टवकारले.

"ही घरघर ऐकतेयस? तुझ्या गाडीचं बेअरिंग गेलंय बहुतेक."

"अरे, ती माझी छाती आहे! आठवडाभर खोकतेय मी."

खरं सांगा, तुमच्या घरची सवत किती सिलिंडरची आहे?