मुनीर सर आणि शून्य नंबरचा भाग

"दादा, अब्बा गेले..." एवढंच शबाना फोनवर म्हणाली. तिचे अब्बा म्हणजे लातूरचे मुनीर सर, मला नेटवर्किंग शिकवणारे. मी नांदेडच्या स्टँडवर होतो. लातूरची गाडी लागलेलीच होती, तशीच पकडली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी छाती काढून सांगतो. सरांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लई चांगलं. मी दहावी हाय. आता बस," ते म्हणाले. टेलिफोनमधली नोकरी सोडून त्यांनी क्लास काढला होता, तोही डॉक्टर-इंजिनीअर घडवणाऱ्या पाट्यांच्या गर्दीत. अख्खा मराठवाडा त्या पाट्यांखाली पोरं आणून सोडायचा. सरांचा जिना आम्ही पाच-सहा जणच चढायचो.

त्र्याण्णवच्या भूकंपात सर मदत-छावणीच्या फोनवर बसायचे. एका गावची खबर दुसरं गाव तिसऱ्याला द्यायचं, अन् ती फिरून पहिल्याच गावात यायची. जित्या माणसाच्या दारात लोक रडत आलेले त्यांनी पाहिले. "मग ठरवलं, गावानं आपली यादी आपल्यापाशी ठेवायची, छावणीला गोषवारा द्यायचा, अन् दुसऱ्या गावची खबर छावणीकडूनच घ्यायची." जाळ्यात वाट दाखवणाऱ्या राऊटरचं तेच, ते सांगायचे. मोठं जाळं भागांत वाटतात. प्रत्येक राऊटरपाशी आपल्या भागाचा पुरता नकाशा. परभागाची खबर मात्र शून्य नंबरच्या भागातूनच. तो सगळ्यांचा कणा.

मला हे कळलंय असं वाटायचं... पुढं एका कोचिंग क्लासमध्ये पहिली नोकरी लागली, शाखांचं जाळं जोडायची. पेपर लातूरच्या सर्व्हरवर, शाखा नांदेड आणि भोकर. मी लातूरला शून्य नंबर दिला, लातूर-नांदेड लाइनला एक, भोकरला दोन. भोकर नांदेडचाच तालुका, म्हणून नांदेडच्या मागं जोडला. दुसऱ्या दिवशी भोकरच्या पोरांची पहिली ऑनलाइन परीक्षा, आणि भोकरला लातूर दिसेना! संचालक म्हणाले, "उद्या चाललं न्हाई तर भोकर बंद. अन् तूबी घरी."

सरांना फोन लावला. सगळं ऐकून म्हणाले, "थोड्या वेळानं कर." तासाभरानं केला.

"तहसीलची फाईल हाय का रे ही, जिल्ह्यातून वर जायला? भोकरनं नांदेडचा हात धरला, पण नांदेडचा एक पाय तरी शून्यात हाय का?"

"म्हणजे काय करू सर?"

"ग्रॅज्युएट तू हायस का मी?"

मी लातूर-नांदेड लाइनचा नंबर एकाचा शून्य केला, म्हणजे नांदेडचा एक पाय शून्यात आला. भोकरला लातूर दिसलं. सकाळी पोरं परीक्षेला बसली, माझी नोकरी राहिली.

सरांना उत्तर माहीत होतं, मला झुलवत होते, असं मी इतकी वर्षं समजत होतो. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला पुन्हा लातूरला गेलो, तेव्हा शबानानं क्लासची खोली उघडली. टेबलावर तीन जुने राऊटर. त्यांवर चिकटपट्ट्या, सरांच्या अक्षरात: लातूर, नांदेड, भोकर.

"तुमचा फोन आला तेव्हा अब्बांनी मांडलं हे," ती म्हणाली. "त्यांनाबी कळंना झालं होतं. तुमचीच चूक इथं करून बघितली, तवा सापडलं. मग काढूच देईनात. नवीन पोरांना आधी हीच चूक करायला लावायचे."

आता शबाना शिकवते. टेबलाशी दोन पोरी बसल्या होत्या, लातूरजवळच्या मुरुडच्या. त्यांचं भोकर अडकलेलं. एकीनं माझ्याकडं पाहिलं, "सांगा की, सर..."

मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "थोड्या वेळानं विचार."