तपासणी पत्ता क्रमांक एक

पुण्यातली चिमणीसुद्धा आपापल्या पिनकोडातच घरटं बांधते की नाही, यावर लक्ष ठेवणारा एकच माणूस या शहरात आहे, आणि ते माझे साडू आहेत. दुसऱ्यांची पत्रं घडी घालून लिफाफ्यात भरायची, पत्ते चिकटवायचे, पिनकोडाप्रमाणे गठ्ठे बांधायचे आणि हजारोंनी पोस्टात नेऊन द्यायची, हा त्यांचा नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतला धंदा. लिफाफा नुसता तळहातावर घेतला की वजन सांगतात. लिफाफाच कशाला, एका लग्नात पंगतीत जिलबी उचलून म्हणाले, "एकोणचाळीस ग्रॅम. तुमची चव्वेचाळीस." त्याच लग्नात अक्षता टाकायच्या सोडून त्यांनी वरबापाला गाठलं. "अहो, पत्रिकेवर तुम्ही विश्रांतवाडीला खडकीचा पिनकोड घातलाय. आम्ही पोचलो. बाकीचे कुठल्या मांडवात जेवतायत, चौकशी करा."

अशा माणसाला एके दिवशी एका मोठ्या पतसंस्थेनं कळवलं, की गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल तरच पुढच्या वर्षीपासून सभासदांच्या नोटिसांचं काम मिळेल. ते काम गेलं तर धंद्याचा अर्धा प्राण जाणार होता. साडूंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या त्या प्रमाणपत्र भिंतीवर लागेपर्यंत खाली घेतल्याच नाहीत. डिंक कसा लावावा, सुतळीला गाठ कशी मारावी, चहा प्यायल्यावर हात किती वेळ पुसावेत, सगळ्याची लेखी कार्यपद्धती झाली. मेव्हणी वैतागून म्हणाली, "पोहे करू, की त्याचीही लिहिताय?" साडू म्हणाले, "ओट्यावर चिकटवलीय. मोहरी तडतडायच्या आधी वाच."

या सगळ्या यंत्रणेत माझं एक स्थान होतं. साडू प्रत्येक गठ्ठ्यात एक नमुन्याचं पत्र माझ्या विश्रांतवाडीच्या पत्त्यावर टाकत. ते कधी आलं, कसं आलं, हे मी कळवायचं; की टपाल नीट पोचल्याचा पुरावा झाला. त्यामुळे मी कधीही सभासद नसलेल्या सत्तावीस संस्थांचे अहवाल आणि मधमाशीपालकांचं एक मासिक मला नियमित येई. आता पत्रपेटी तळमजल्यावर, मी चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट आमच्या सोसायटीच्या ठरावात. साडूंचा फोन आला की मी सोफ्यावर पडूनच सांगायचो, "आलं, आलं. चारही कोपरे शाबूत." तिकडे नोंद व्हायची. मी कूस बदलायचो.

प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीच्या दिवशी साडूंनी मला मुद्दाम बोलावलं. "या. लागाल." ऑडिटर बाई एवढ्या बारकाईनं बघत होत्या, की त्यांनी सुतळीचीही उलटतपासणी घेतली. मग नमुन्याच्या पत्रांची नोंदवही उघडली आणि एका पानावर थांबल्या.

"या दिवशीचं पत्र पोस्टात दिलंच नव्हतं, असं लिहिलंय. आणि पुढे 'मिळालं, चारही कोपरे शाबूत'?"

माझे स्वतःचे चारही कोपरे त्या क्षणी दुमडले.

"मुद्दाम ठेवून घेतलं होतं," साडू शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी टपाल तपासत नव्हतो, पत्ता तपासत होतो. शेरा वाचा."

बाईंनी मोठ्यानं वाचला. "तपासणी पत्ता क्रमांक एक खोटं बोलतो. सुधारणा: नात्यातला असल्यामुळे अशक्य. उपाय: त्याच्या जुन्या सर्व नोंदी रद्द. पत्ता क्रमांक दोन, खडकी, निवृत्त मुख्याध्यापिका."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हे पान नसतं तर मला काही कळलं नसतं."

"लपवूनच प्रमाणपत्र घ्यायचं असतं तर या साडूंकडूनच लिहून घेतलं असतं. ते देतात," माझ्याकडे बोट करून साडू म्हणाले.

प्रमाणपत्र मिळालं. माझी पत्रं मात्र बंद झाली. पत्रपेटीत नुसती जाहिरातींची चिटोरी दिसायला लागली, आणि गंमत म्हणजे त्या मधमाश्यांचीसुद्धा आठवण यायला लागली. शेवटी मीच नारायण पेठेत जाऊन म्हणालो, "मला परत घ्या." साडू नोंदवहीतून मान वर न करता म्हणाले, "सहा महिने निरीक्षणाखाली." तेव्हापासून मी रोज अकराच्या सुमाराला चार मजले उतरतो.

पुढे पतसंस्थेनं नोटिसा मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. मग एकेक अहवाल, एकेक मासिक त्याच वाटेनं गेलं. दोन खोल्यांतली एक साडूंनी बंद केली. माझं पत्र मात्र दर आठवड्याला येतच राहिलं. परवाच्या लिफाफ्यावर गठ्ठ्याच्या टपालाचा छापील शिक्का नव्हता, साधं तिकीट होतं. उघडून पाहिलं तर आत तीन सारख्या घड्या घातलेला कोरा कागद. गठ्ठा नव्हताच. नमुना तेवढा निघाला होता.

मी जिन्यातूनच फोन लावला. "आलं. अकरा वीस. चारही कोपरे शाबूत."

"आत काय होतं?"

"कोरा कागद."

पलीकडे नोंदवहीवर पेन चालल्याचा आवाज आला. "बरोबर," साडू म्हणाले. "पुढच्या मंगळवारी परत टाकतो. नोंदीत खंड पडायला नको."

मी लिफाफा तळहातावर घेतला आणि म्हणालो, "नऊ ग्रॅम?"

"दहा," ते म्हणाले. "पण सुधारणा आहे."