अण्णांचं शेवटचं कीर्तन

अण्णांचं शेवटचं कीर्तन मी बंद पाडलं.

त्या दिवशी लाइट गेली नव्हती. अण्णांचा घसाही बसला नव्हता. ती दोन्ही कारणं मीच लोकांना सांगत फिरलो.

अण्णा म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे आधीचे पाळक, शांतवन अण्णा. देवळाली प्रवराच्या आसपासच्या वस्त्यांवर आधी सायकलवर आणि मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आयुष्यभर फिरले.

परवा गेले. काल त्यांचा दफनविधी मीच केला. सगळे म्हणाले, "छान बोललात पास्टर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्यांनी त्यांचं कीर्तन ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातात झांज, शेजारी पेटीवर बाबूमामा, तबल्याला जो सापडेल तो. गोष्ट बायबलमधलीच, पण माणसं आपल्याकडची. त्यांची नामी, म्हणजे बायबलातल्या रूथची सासू, रुसायची, टोमणे मारायची, मग पदरानं डोळे पुसायची. शेजारच्या वस्तीवरच्या बौद्ध आणि मुसलमान बायाही हातातली कामं टाकून ऐकायला यायच्या.

सात वर्षांपूर्वी चर्चचा वर्धापनदिन होता. मी बायबल कॉलेजमधून नुकताच परतलेला, तरुण संघाचा लीडर. डोक्यात हवा गेलेली.

पुण्याहून भक्तिगीतं वाजवणारा वर्शिप बँड बोलावला होता. प्रोजेक्टर, फेसबुक लाइव्ह, सगळं. प्रोग्रॅम मिनिटामिनिटाचा बसवलेला.

अण्णांना वीस मिनिटं दिली होती. ते हसले.

"आमोल, इस मिन्टात तर नामी घराभाईर बी पडत न्हाई रं."

"अण्णा, शॉर्टमध्ये करा ना. हल्ली मुलं बसत नाहीत."

"बरं," म्हणाले.

त्यांनी रूथची गोष्ट घेतली. मुलगा गेलेली सासू नामी, आणि तिची विधवा सून रूथ.

पहिल्या रांगेत आमच्या सरूबाई बसल्या होत्या. बाजूला त्यांची सून मंगल. सरूबाईंचा मुलगा त्याच वर्षी वारला होता. त्याचा दोष त्या मंगलला देत होत्या. दोघी एका घरात राहायच्या, पण शब्द नाही. मंगल कायमची माहेरी निघालीये, हे गावभर माहीत होतं.

मलाही माहीत होतं. पण मी घड्याळ बघत होतो.

वीस मिनिटं झाली तेव्हा नामी आणि रूथ गावाच्या शिवेवर पोचल्या होत्या. अण्णा नामी होऊन म्हणत होते, "माघारी जा बाई. माझ्याजवळ आता तुला द्यायला काय हाय?"

आता रूथ बोलणार.

मी चिठ्ठी पाठवली. "अण्णा, दोन मिनिटं. प्लीज आटपा."

अण्णांनी चिठ्ठी वाचली. घडी करून खिशात ठेवली. दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. "प्रभूची स्तुती असो," म्हणाले आणि खाली बसले.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बँड सुरू झाला.

नंतर मांडवामागे अण्णांनी मला गाठलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लई लांबवलं का रं म्या?"

मी म्हणालो, "लाइव्हचं टायमिंग होतं, अण्णा."

त्यानंतर ते कीर्तनाला कधीच उभे राहिले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "आता पोरं करत्यात की चांगलं."

पुढे मी पाळक झालो. सरूबाई आणि मंगल एकाच बाकावर बसून उपासनेला येत होत्या, एका पुस्तकात बघून गात होत्या. त्या वर्धापनदिनाच्या महिन्यातच मी फॅमिली सेमिनार घेतलं होतं, स्लाइड्सवर. मला वाटलं, त्याचंच हे फळ.

माझ्या सेमिनारनं त्या दोघी जोडल्या गेल्या, अशी साक्ष मी पुलपिटवरून, उपदेशाच्या चौथऱ्यावरून दिली. एकदा नाही, तीन वेळा.

अण्णा मागच्या बाकावर असायचे. माझं झालं की मोठ्यानं "आमेन" म्हणायचे.

काल दफन झाल्यावर सरूबाई कबरस्तानाच्या फाटकाशी थांबल्या होत्या. मी सांत्वन करायला गेलो. मी कसलं करतोय!

"अण्णा त्या कीर्तनाच्या दुसऱ्या दिशी सकाळीच आले," त्या म्हणाल्या. "पेटी न्हाई, तबला न्हाई. चुलीपाशी बसले. म्हनले, सरूबाई, कालची गोष्ट ऱ्हायलीय, तेवढी पुरी करू द्या. मंगल पिशवी भरून बसली हुती. तिलाबी बसवलं. रूथ काय बोलली, 'तू जाशील तिथं मी येईन, तुला सोडून जानार न्हाई', ते समदं म्हनून दाखवलं आमाला. आमी दोघीबी लई रडलो."

"मग?"

"मग काय. म्हनले, च्या टाक पोरी. तिनं टाकला. तिची माहेरची येष्टी गेली निघून."

हे अण्णा कधी बोलले नाहीत. माझ्या प्रत्येक खोट्या साक्षीवर आमेन म्हणत राहिले.

सरूबाईंनी डोळे पुसले.

"दर म्हयन्याला यायचे अण्णा. आजारी पडंस्तोवर. तुमी कवा येता, पास्टरसाहेब?"

सात वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेलेलो नाही. ग्रुपवर रोज वचन पाठवतो. काल मला मंगलला विचारावं लागलं, तुमचं घर नेमकं कुठल्या गल्लीत.

अण्णा, तुम्ही शिकवत होता. मीच वर्गात नव्हतो.

माफ करा. जड मनानं शेवटचा सलाम.